ओढ्यावरचा तास

६ फेब्रुवारी

शाळेत नववीचं प्रात्यक्षिक. दोन परीक्षानळ्या फुटल्या. साडेपाचला घरी. चहा. गाडी धुतली — बारा बादल्या. डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात गंजाचा डाग, शर्टाच्या बटणाएवढा. परवा नव्हता. भात लावला. जेवलो.

तिला जाऊन पावणेतीन महिने.

८ फेब्रुवारी

ठरवलंय ते लिहून ठेवतो. म्हणजे मागे फिरता येणार नाही. गाडी गंजू द्यायची नाही.

गाडी म्हणजे तिचा छोटा ट्रक. सव्वीस वर्षं तिने चालवला. पहाटे कारखान्यातून बर्फ उचलायचा, धक्क्यावर जायचं, तिथून माशांच्या पेट्या भरून वर चढावरच्या बाजाराला. संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन घरी. गावात तिला सगळे बर्फवाली म्हणायचे. मला शाळेत ॲसिडकाका म्हणतात — प्रयोगशाळेत आहे म्हणून. बर्फवाली आणि ॲसिडकाका. लेक लहानपणी म्हणायची, माझ्या घरात कोणी नुसतं माणूस नाही का!

चौदा नोव्हेंबरला ती गेली. चार दिवसांचा ताप, बस. तेव्हापासून गाडी अंगणात उभी आहे. समुद्र घरापासून दोनशे पावलं. वारा आला की ओठांवर मीठ बसतं. या हवेत खिडकीचे गज टिकत नाहीत, कात्री टिकत नाही, माझ्या पँटची चेन टिकत नाही. गाडी कशी टिकणार? ती असताना टिकली. सव्वीस वर्षं. म्हणजे टिकवता येते. मग मीही टिकवीन.

तिला अंगणात गाडी धुताना मी कधी पाहिलं नाही. एकदाही नाही. मनात म्हणायचो, हिला गाडीची काळजीच नाही. मी रोज धुतो.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर गाडीखाली. अंगाखाली पोतं अंथरलं. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला, रेड ऑक्साइडचा हात दिला. नाकात लाल धूळ. शिंकलो की रुमाल लाल.

दारांच्या खालच्या कडेला भोकं सापडली. प्रत्येक दाराला तीन. चॅसीच्या पोकळ पट्ट्यांना खालून आठ. गंजाने इतकं खाल्लंय आणि आपल्याला पत्ता नाही! रंगाच्या दुकानातून लांबीचा डबा आणला, चौदाच्या चौदा भोकं नीट बुजवली. वर रंग.

संध्याकाळी हात धुताना बरं वाटलं. तिच्यासाठी काहीतरी केलं असं. पूर्वी असं वाटल्याचं आठवत नाही.

१२ फेब्रुवारी

धुतली. वारा फार.

१६ फेब्रुवारी, रविवार

मेव्हणा आला. तिचा धाकटा भाऊ. बसने सहा तास. आल्या आल्या गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मी पाणी दिलं. अर्धा ग्लास प्यायला, उरलेलं कुंडीत ओतलं. पूर्वीही असंच करायचा.

जेवताना विषय काढला. गाडी त्याला हवी आहे. त्यांच्याकडे वर हवा कोरडी. वडिलांची लोखंडी खाट म्हणे अंगणातच पडून आहे, वीस वर्षं, पावसात भिजते, उन्हात वाळते, गंज म्हणून नाही. शेतमालाची पोती वाहायला गाडी लागतेच. म्हणाला, “दाजी, ताईची गाडी आहे. परक्याच्या अंगणात नाही जायची.”

मी म्हटलं, माझं अंगण परकं आहे का?

तो म्हणाला, तसं नाही हो. भात चिवडत बसला. मलाच वाईट वाटलं. त्याचीही ती बहीण होती.

एप्रिलअखेर गाडीची सरकारी तपासणी आहे. तोवर थांब म्हटलं. तो म्हणाला, थांबतो. पास झाली तर आपण दोघं बोलू, नापास झाली तर भंगारवाला बोलेल.

जाताना पुन्हा बॉनेटवर हात ठेवला. गाडी मुळात त्यांच्याच दारातली. लग्नानंतर ती स्वतः चालवत इथे आली. मी शेजारच्या सीटवर, मांडीवर ट्रंक. रस्त्यात लोक वाकून वाकून बघत होते — नवरी कोणती आणि नवरा कोणता!

१८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. गाडी विकून टाका म्हणते. तुमची कंबर काय, गाडीखाली काय झोपता. मी म्हटलं, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस लावत होतो. ती हसली. म्हणाली, “बाबा, आईच्या गुडघ्यांना कधी तेल लावलं नाहीत ते!”

गमतीत म्हणाली. मग तिने विचारलं, जेवलात का.

गुडघे तिचे खरंच दुखायचे. क्लचमुळे. मी बाटली आणून कपाटात ठेवली होती. लावू का असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तीही म्हणाली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

डाग वाढतोय. बटणाचा आता तळहात झाला. उजव्या दारालाही सुरू. रोज धुतो, पुसतो, तरी.

आज दार उघडलं तर आतून आवाज आला. पाण्याचा. माठ हलवल्यासारखा. दारात पाणी कुठून येणार? दोनदा हलवून पाहिलं.

२६ फेब्रुवारी

शाळेतून येताना ठोकमास्तरकडे गेलो. पत्र्याची कामं करतो, धक्क्याजवळ शेड आहे. खरं नाव त्याचं त्यालाच आठवत नसेल. बर्फवालीचा नवरा म्हटल्यावर हातातली हातोडी खाली ठेवली. रविवारी येतो म्हणाला.

२ मार्च, रविवार

हे सगळं लिहिलंच पाहिजे.

ठोकमास्तर आला. लहान हातोडीने गाडीला ठोकत निघाला, कान लावून. डॉक्टर पाठीवर ठोकतात तसं. कुठे टण् वाजतं, कुठे भद्. भद् वाजलं की खडूने फुली. डाव्या बाजूला फुल्याच फुल्या. मग खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

खालूनच विचारलं, “ही भोकं कोणी बुजवली?”

मी सांगितलं, मी. गंजाची होती.

तो बाहेर आला, जमिनीवर बसला आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “साहेब, ती कारखान्यातूनच येतात. आत शिरलेलं पाणी खाली जायला. गाडीलासुद्धा लघवीला जायला वाट लागते हो!”

सायकलचा आरा घेऊन त्याने माझी लांबी टोचून काढली. एकेका दारातून तांब्याभर पाणी आलं. चॅसीतून तर धारच. तांबडं, घाण वास. तीन आठवडे मी ते आत कोंडून ठेवलं होतं. वर रंग लावून.

त्याने ओली बोटं झटकली, काय वाटलं कोणास ठाऊक, जिभेला लावली. थुंकला. विचारलं, कुठल्या पाण्याने धुता?

विहिरीच्या, म्हटलं.

— पिता तेच?

— तेच. जन्मापासून.

— खारट आहे.

— नाही. आमची विहीर गोडी आहे.

तो विहिरीवर गेला, पोहरा काढला, चूळ भरली. परत आला. हसत नव्हता. “साहेब, हे खारं पाणी आहे. मासे खारवतात तशी गाडी खारवलीत तुम्ही. रोज.”

३ मार्च

शाळेत बाटलीतून विहिरीचं पाणी नेलं. सगळे गेल्यावर परीक्षानळीत घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचे तीन थेंब टाकले. दुधासारखं पांढरं झालं, तळाशी साका बसला. शाळेच्या नळाचं पाणी घेतलं — नुसती झाक. पुन्हा विहिरीचं घेतलं. पुन्हा पांढरं.

बाजूच्या मांडणीत खिळ्यांचा प्रयोग लावलेला होता. आठवीसाठी. एक खिळा कोरड्या हवेत, एक तेलाखालच्या उकळलेल्या पाण्यात, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात. गेली एकतीस वर्षं दर वर्षी मी स्वतः लावतो. चौथ्या नळीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहितो — सर्वांत जास्त गंज.

आणि घरी येऊन बारा बादल्या.

५ मार्च

आठवलं. ती या घरात आली त्या दिवशी आईने चहा दिला. तिने एक घोट घेतला आणि कप तसाच धरून बसली. आईने विचारलं, साखर कमी झाली का? ती म्हणाली नाही, छान आहे. सगळा प्यायली. मी समोरच होतो. मला वाटलं, लाजते आहे.

आमच्या जिभेला कळतच नाही. जिभा याच पाण्यावर वाढलेल्या.

सव्वीस वर्षं ती हेच पाणी प्यायली. एकदाही नाव ठेवलं नाही. मग मेव्हणा ग्लास अर्धा का टाकायचा, तेही आज कळलं. मी समजत होतो, त्याला तहान कमी.

९ मार्च, रविवार

ठोकमास्तर सकाळपासून. डाव्या दाराचा खालचा पत्रा कापला, केबिनच्या तळाचा वीतभर तुकडा कापला. कापलेला पत्रा हातात घेतला तर बिस्किटासारखा तुटला. नवीन पत्रा जोडला. मी वेल्डिंगच्या उजेडाकडून तोंड फिरवून पत्र्याची कड धरून उभा.

चहाला बसलो. चहा शाळेतून आणलेल्या पाण्याचा केला. त्याने घोट घेतला आणि मान हलवली. मग सहज सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी ती मडगार्डला पोचा आला म्हणून शेडवर गेली होती. त्याने गाडी खालून पाहिली तर नव्यासारखी. विचारलं, बाई, काय लावता काय? ती म्हणाली, “काही नाही. येताना चढावरच्या ओढ्यावर धुते. घरचं पाणी गाडीला चालत नाही.”

मी विचारलं, घरी का नाही सांगितलं?

“तेही मी विचारलं होतं. म्हणाल्या, सासूबाईंना वाटेल, घरच्या पाण्याला नावं ठेवते. मग राहूनच गेलं.”

आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

१० मार्च

तो तास.

वरच्या बाजारातून ती चारला निघायची. रस्ता दीड तासाचा. रिकामी गाडी, उतार. साडेपाचला यायला हवी. यायची साडेसहाला. रोज. मी दारात उभा राहायचो नाही, पण आतून कान फाटकाकडे. जेवण झाकून ठेवायचो. ती म्हणायची, उशीर झाला, तुम्ही जेवून घ्यायचं होतं. मी कधी जेवून घेतलं नाही. आणि उशीर का झाला असं विचारलंही नाही. विचारलं असतं तर भांडण वाटलं असतं. न विचारता सव्वीस वर्षं काढली. कधीकधी मनात नको ते आलं. ते लिहीत नाही.

ती गाडी धुवत होती. ओढ्यावर. एवढंच. इतकं साधं!

काल शांत झोप लागली. कित्येक महिन्यांनी. पाठीवरून ओझं उतरलं. पण सकाळी उठलो आणि हळहळ वाटली. विचारलं असतं तर ती सांगती. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मीही येतो, बादल्या भरून देतो.

म्हटलं असतं का? इथे कागदावर म्हणायला काय जातं.

१४ मार्च

रोज शाळेतून दोन कॅन पाणी. सायकलच्या कॅरिअरला बांधून. शिपाई म्हणाला, ॲसिडकाका, घरी मासे पाळलेत का? मी हो म्हटलं. एक मोठा आहे, अंगणात मावत नाही.

तो हसला. बऱ्याच दिवसांनी मी कोणाला हसवलं.

१६ मार्च, रविवार

ठोकमास्तरचं म्हणणं, धुवून उपयोग नाही, गाडी हलली पाहिजे. उभ्या गाडीचे ब्रेक धरतात, सांध्यांत ओल मुरते. चालती गाडी वाऱ्याने आपोआप सुकते, थांबून वाळवत बसायची गरज नाही. आठवड्याला एकदा तरी पळवा.

कोण पळवणार? म्हणाला, लायसन आहे ना तुमच्याकडे? आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने शिकवलं होतं. फाटकाच्या खांबाला धडकलो आणि नंतर हात लावला नाही. लायसनची मुदत मात्र ती दर वेळी वाढवून आणायला लावायची. कधी लागेल सांगता येत नाही, म्हणायची.

तिच्या सीटवर बसलो. सीट पुढे ओढलेली. माझे गुडघे चाकाला लागले. मागे सरकवायचा दांडा हातात आला, पण सरकवली नाही. गुडघे वाकडे करून बसलो. तशीच चालवली. धक्क्यापर्यंत आणि परत. तीनदा बंद पडली. ठोकमास्तर शेजारी खिडकीची कड धरून. “साहेब, गिअर आहे तो, परीक्षानळी नाही. फुटत नाही. दाबा!”

परत आल्यावर तो उतरला आणि म्हणाला, सीट मागे घ्या. अशाने तुम्ही मराल आणि गाडीही.

२३ मार्च, रविवार

सीट मागे घेतली. दोन बोटं.

३० मार्च, रविवार

एकटा गेलो. कारखान्यापर्यंत. बर्फ फोडणारे कामगार फाटकात आले. गाडी ओळखली, आत बघितलं, मी दिसलो. हात वर करता करता थांबले. मग एकाने तरी केला.

येताना आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मला सुट्टी होती, ती निघत होती. केबिनमधून म्हणाली, “चला की आज माझ्याबरोबर. संध्याकाळपर्यंत परत येऊ.” मी म्हटलं, बर्फाच्या गाडीत मी काय करू. पेपर वाचत होतो. ती म्हणाली, तेही खरंच. गेली.

त्या दिवशी पेपरात काय होतं, एक अक्षर आठवत नाही.

६ एप्रिल, रविवार

आज शेवटचं काम. खालून जुन्या ऑइलचा फवारा मारला, चॅसीच्या पोकळीत भोकांतून मेण सोडलं. वरून काळा रंग. भोकं सगळी मोकळी — मी स्वतः आरा घालून तपासली. ठोकमास्तर हात पुसत होता. मी विचारलं, आता किती टिकेल?

त्याने हातोडी घेऊन चॅसीच्या पट्टीवर दोनदा वाजवली, मला ऐकवायला. टण् आणि भद् यांच्या मधला काहीतरी आवाज.

“खरं सांगू? तपासणी पास होईल. पण आतून लागलंय. खारं पाणी आत बसलं होतं ना महिनाभर. इथल्या हवेत दोन पावसाळे. फार तर तीन. कोरड्या हवेत नेलीत तर पंधरा वर्षं मी लिहून देतो.”

पैसे घेताना अर्धेच घेतले. म्हणाला, बाईंनी कधी घासाघीस केली नाही.

७ एप्रिल

इथे ठेवली तर रोज दिसेल आणि जाईल. तिकडे दिली तर राहील, पण दिसणार नाही.

८ एप्रिल

तेच.

११ एप्रिल

आज वर्गात खिळ्यांच्या नळ्या काढून टाकल्या. वर्ष संपलं. चौथ्या नळीतला खिळा धरला तर डोकं निघून आलं. पहिल्या नळीतला तसाच, चकचकीत. एक मुलगी विचारत होती, हा काहीच न करता कसा राहिला? मी म्हटलं, कोरड्यात होता ना. दुसरं काही करावं लागत नाही.

म्हणालो आणि मलाच ऐकू आलं.

१५ एप्रिल

केबिनमध्ये बसून चहा प्यायलो. काच वर केली. आत अजून बर्फाच्या पोत्याचा वास, थोडा तिच्या तेलाचा. पत्रा वाचवता येतो. वासाला काय लावतात, ठोकमास्तरलाही माहीत नसेल.

२२ एप्रिल

तपासणी. रांगेत तीन तास. तपासनीस तरुण, चष्म्याचा. खाली बॅटरी मारली, ठोकून पाहिलं, कागदावर लिहीत राहिला. कागदावर नाव तिचं. वर न बघता विचारलं, मालक कुठे आहेत? सांगितलं. त्याने लिहायचं थांबवलं. मग विचारलं, समुद्राकाठची ना गाडी? एवढ्या वर्षांची असून बरी राखलीत. मी म्हटलं, मी नाही, तिने राखली. मी बिघडवली आणि थोडी सुधारली.

पास. एक वर्ष.

२३ एप्रिल

मेव्हण्याला फोन केला. पास झाली म्हटलं. तो पुढचं ऐकायला थांबला. मला जड गेलं. शेवटी म्हटलं, गाडी तुझी. नीट ठेव. भोकं बुजवू नकोस.

त्याला ते कळलं नाही, पण हो म्हणाला. आवाज बदलला होता त्याचा. मी न्यायला येतो म्हणाला. मी म्हटलं, नको.

“मग कशी येणार?”

मी आणतो.

“तुम्ही, दाजी? एवढा चढ?” मी म्हटलं, तुझी बहीण आली होती ना चालवत. त्याच रस्त्याने.

२५ एप्रिल

लेकीला सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. रडली. मग म्हणाली, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा बाबा, आई तसंच करायची. हिला कसं माहीत? तर लहानपणी सुट्टीत दोन-चारदा गेली होती तिच्याबरोबर. मी विचारलं, ओढ्यावर थांबायचात? आठवत नाही म्हणाली, परत येताना मी झोपलेलीच असायचे.

२६ एप्रिल

उद्या सकाळी सातला निघतो. हवा तपासली. ऑइल बघितलं. कागद पिशवीत. सीट पूर्ण मागे घेतली.

२७ एप्रिल, रविवार

ओढ्यावरून लिहितो आहे. चढ चढलो. दोनदा मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला, बाकी ठीक. ओढा रस्त्याला लागूनच, सापडायला वेळ लागला नाही. एप्रिलातही पाणी आहे. स्वच्छ.

शेवटचं म्हणून नीट धुवायचं ठरवलं होतं. घड्याळ बघून सुरुवात केली, नऊ वाजून दहा मिनिटं. चाकं, पाटे, मडगार्डांच्या आतून, खालून, हौदा. बादली बुडवायची आणि फेकायची. सगळं झालं. एकही कोपरा सोडला नाही. नऊ बत्तीस.

बावीस मिनिटं. मी नवखा, वाकता न येणारा. तिचा हात बसलेला होता. तिला पंधरा मिनिटं पुरली असतील.

दोनदा हिशोब केला. रोजच्या त्या तासातली पंचेचाळीस मिनिटं उरतात.

इथे दुकान नाही, घर नाही. ओढ्याच्या काठी एक दगड आहे, सपाट. तिथून वर जाणारा रस्ता दिसतो, तिच्या माहेराकडचा. आमच्याकडे उतरणारा दिसत नाही.

मेव्हणा वाट बघत असेल. चप्पल काढली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. दगडावर बसून पाय पाण्यात सोडले आहेत.